वही मिटा आणि लिहा

मुख्याध्यापक सर, शिक्षकवृंद, कांद्याच्या लागणीतून वेळ काढून आलेले पालक आणि माझ्या मुला-मुलींनो,

अभ्यास कसा करावा यावर बोला, असं सरांनी सांगितलंय. पण डिंगोऱ्याच्या या पटांगणात उभं राहिलं की मला फळाच आठवतो. तास संपत आला की आमचे गुरुजी तो स्वच्छ पुसायचे, वह्या मिटायला लावायचे आणि म्हणायचे, "हं, आता सांगा." नाणेघाटातल्या राणी नागनिकेच्या शिलालेखात आकडे कोरलेत, हे मी तेव्हा शिकलो. अजून पक्कं आहे. "आपल्याच तालुक्यातला लेख, आणि वहीत बघून सांगता?" असं गुरुजी विचारायचे. मी मानसशास्त्राकडे वळलो तो त्यांच्यामुळे.

मघाशी दहावीच्या मुलींनी विचारलं, निळ्या शाईने लिहिलेलं जास्त लक्षात राहतं का? मुलींनो, निळ्या रंगात तशी जादू नाही. १९३३ मध्ये फॉन रेस्टोर्फ या संशोधक बाईंनी दाखवलं, की सारख्या गोष्टींच्या रांगेत जी वेगळी, ती स्मरणात राहते. आपल्या जुन्या पोथ्यांतही मजकूर काळा आणि अध्यायाची समाप्ती तांबडी असे. पण अख्खं पानच चार जेल पेनांनी रंगवलं, तर वेगळं काय उरलं? एक व्याख्या, एक सूत्र, तेवढंच लाल करा.

खरं काम वही मिटल्यावर सुरू होतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते! म्हणून सांगतो, वही मिटा आणि लिहा. चुकलं तर उघडून बघा, परत मिटा, परत लिहा. गाईडमधलं उतरवू नका, आपल्या शब्दांत लिहा. डिंगोऱ्याच्या बोलीत आलं तरी चालेल.

पुढे बसलेल्या आयांनो, मूल वही मिटून आढ्याकडे बघत बसलं तर लगेच ओरडू नका. ते आठवत असेल. आणि सर, आपल्याकडे एकच मागणं आहे: प्रत्येक तासाची शेवटची पाच मिनिटं मुलांना द्या. फळा पुसून.