विद्यार्थ्याचं मत आणि पालकाचं मत

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘शाळेने मला काय दिले’ हा विषय दिला होता. सकाळपासून तो विषय माझ्याआधीच्या वक्त्यांनी माझ्यापेक्षा चांगला मांडला आहे. म्हणून मी त्याच्या शेजारच्या विषयावर बोलते. शाळेबद्दलचं आपलं मत नेमकं काय आहे आणि ते कोणाच्या कामाचं आहे, एवढाच माझा विषय. त्याला कारण आहे. शाळेचा पट दरवर्षी थोडा थोडा कमी होतोय. मराठी माध्यम चालू ठेवायचं की शाळा इंग्रजी करायची, हा प्रश्न संस्थेपुढे आहे आणि संस्थेने माजी विद्यार्थी संघाकडे लेखी मत मागितलं आहे. त्यामुळे आज आपण जे बोलू, ते कागदावर जाणार आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्या कामात वापरणाऱ्यांची मतं गोळा करणं रोजचंच. ती वाचताना तीन गोष्टी आधी बघाव्या लागतात. मत कोणी दिलं, कधी दिलं आणि कोणाला विचारायचं राहिलं. याच तीन गोष्टी मी शाळेच्या बाबतीत बघणार आहे.

स्मरणिकेसाठी आलेली मनोगतं मला वाचायला मिळाली. सगळ्यांनी साधारण तेच लिहिलंय. बाईंना शाळेतल्या प्रत्येक लेकराचं नाव पाठ होतं. तीन दिवस गैरहजर राहिलं की सर सायकल काढून घरी यायचे. ग्रंथालय म्हणजे एकच लोखंडी कपाट, पण त्याची किल्ली मुलांकडे असायची. स्नेहसंमेलनात बुजऱ्या मुलालाही काहीतरी काम मिळायचंच. निबंधाच्या वहीत समासात लिहिलेला शेरा कोणीतरी अजून जपून ठेवलाय. इमारतीबद्दल एकानेही लिहिलेलं नाही. लिहिणार काय? पत्रे होते आणि एप्रिलमध्ये ते कसे तापायचे हे आपल्याला माहीत आहे. हे झालं विद्यार्थ्यांचं मत, तेही शाळा सोडून पंचवीस-तीस वर्षं झाल्यावर दिलेलं.

आता पालकांकडे येऊ. आधी आपल्या आईवडिलांकडे. आपल्यातल्या बऱ्याच जणांचे वडील तेव्हाच्या औरंगाबादेत नोकरीसाठी आले होते. कोणी चिकलठाण्याच्या कारखान्यात, तर कोणी वाळूजला. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग लहानमोठे कितीतरी कारखाने आले. सिडको-हडकोत घर मिळालेलं, गाव मागे राहिलेलं, शहरात नातेवाईक कोणी नाही. अशा माणसाने शाळा कशी निवडली? लेकरू चालत जाईल एवढी जवळ, जालना रोड ओलांडावा लागत नाही, फी परवडते आणि ‘तिथल्या बाई कडक आहेत’. आज आपण ज्या गोष्टींसाठी शाळेचे आभार मानतो, त्यातल्या एकाही गोष्टीसाठी आपल्या आईवडिलांनी ही शाळा निवडली नव्हती. त्या गोष्टी आपल्याला आत आल्यावर मिळाल्या.

आणि आता आजचे पालक, म्हणजे आपणच. या सभागृहात बसलेल्यांपैकी किती जणांची मुलं या शाळेत आहेत? हात वर करायला सांगत नाही, उत्तर सगळ्यांना माहीत आहे. माझी मुलगी पुण्यात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकते. आम्ही दोघंही नोकरी करतो, शाळा सुटल्यावर तिला सांभाळणारं पाळणाघर त्या शाळेजवळ होतं आणि बदलीची शक्यता होती. या कारणांवर मी आजही ठाम आहे. तुमचीही अशीच विचारपूर्वक ठरवलेली कारणं असतील. पण मग एक अडचण उभी राहते. ‘शाळा मराठीच राहिली पाहिजे’ असं आपण एकमताने लिहून दिलं आणि ते मुकुंदवाडीतल्या एखाद्या रिक्षावाल्या दादांनी वाचलं, तर ते एकच प्रश्न विचारतील, “तुमची लेकरं कुठं शिकतात?” विद्यार्थी म्हणून आपण शाळेला पैकीच्या पैकी गुण देतो आणि पालक म्हणून तिला निवडत नाही. ही दोन्ही मतं एकाच माणसाची आहेत. आपण मात्र त्यातलं एकच मत संस्थेला कळवणार आहोत.

ही मतं एवढी वेगळी का पडतात, याचा मी विचार केला. मला वाटतं, कारण साधं आहे. पालकाला प्रवेशाच्या वेळी फाटकाबाहेर उभं राहून ठरवावं लागतं. फाटकातून इमारत दिसते, बस दिसते, गणवेश दिसतो, बोर्डाचं नाव वाचता येतं आणि बाई इंग्रजीत बोलतात का ते ऐकू येतं. तो त्यावरच ठरवणार. समासातला शेरा आणि कपाटाची किल्ली फाटकातून दिसत नाही, ती कळायला आत तीन-चार वर्षं जावी लागतात. त्यामुळे पालकांना दिखाव्याची भूल पडली आहे, असं मला म्हणता येत नाही. जे दिसतं त्यावरूनच ते मत बनवतात.

इंग्रजीची त्यांची काळजी तर खरीच आहे. दहावीनंतर विज्ञान शाखा इंग्रजीत, इंजिनिअरिंग इंग्रजीत. पहिल्या वर्षी वर्गात प्राध्यापक काय विचारतात ते कळायचं, उत्तरही माहीत असायचं, पण ते इंग्रजीतून सांगायला तोंड उघडायचं नाही. माझे पहिले सहा महिने त्यात गेले. गणित पक्कं होतं म्हणून पुढे निभावलं. ते सहा महिने लपवून ठेवून पालकांना मराठी माध्यम पटवायला जाऊ नये.

पालकांचं मत ऐकायची सोय कायद्याने केलेली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. पण खाजगी विनाअनुदानित शाळांना हे कलम लागू नाही आणि आपली शाळा पहिल्यापासून विनाअनुदानित. अशा शाळांसाठी महाराष्ट्राचा २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. त्यानुसार पालक-शिक्षक संघ असतो, त्याच्या कार्यकारी समितीत प्रत्येक इयत्तेचा एक पालक असतो आणि संस्थेला फीचा प्रस्ताव या समितीपुढे ठेवावा लागतो. म्हणजे लहान खाजगी शाळेत पालकाला कायद्याने जो आवाज मिळाला, तो मुख्यतः फीबद्दलचा. शिकवण्याबद्दल बोलायला त्याला हक्काची जागा फारशी नाही.

विद्यार्थ्याला तर तेवढीही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत कलम १२ आहे. मुलांशी संबंधित बाबींत त्यांना आपलं मत मांडता आलं पाहिजे आणि त्या मताची दखल घेतली गेली पाहिजे, असं ते सांगतं. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. आपल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येही मूल भयमुक्त असावं आणि त्याला मोकळेपणाने मत मांडता यावं असं लिहिलं आहे. तरी या शाळेच्या भवितव्याबद्दल आतापर्यंत संस्थेला, शिक्षकांना, पालकांना आणि आता आपल्यालाही विचारून झालं. आठवी-नववीच्या वर्गात आज बसलेल्या मुलांना अजून कोणी विचारलेलं नाही.

आणखी काही जणांना विचारायचं राहिलं आहे. बाई, सर, हे तुमच्यासमोर बोलताना संकोच वाटतो, पण बोलते. आपल्या आठवीच्या वर्गाच्या फोटोत जेवढी डोकी दिसतात, तेवढी दहावीच्या फोटोत दिसत नाहीत. काहींची घरं बदलली, काही मुलींची शाळा घरच्यांनी बंद केली. पण काही जण नववीत अडकले, आणि काहींना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगितलं गेलं. बाहेरून बसलेल्याचा निकाल शाळेच्या निकालात धरला जात नाही. त्या काळी बऱ्याच शाळा हेच करत होत्या, कारण फाटकावर ‘१०० टक्के निकाल’ असा फलक लागला की पुढच्या वर्षीचे प्रवेश व्हायचे. म्हणजे पालकाला फाटकातून जे दिसायला हवं होतं, त्यासाठी काही लेकरं फाटकाबाहेर गेली. शिक्षण हक्क कायदा आला तरी तो आठवीपर्यंतचाच, त्यामुळे नववीत काय होतं हे त्याच्या बाहेरच राहतं.

त्यातल्या एका मैत्रिणीला मी मेळाव्याचं आमंत्रण द्यायला फोन केला होता. ती छान बोलली, सगळ्यांची चौकशी केली. बाईंबद्दल तिच्या मनात राग नाही. पण शाळेबद्दल आपल्याला कोणी विचारेल असं तिला वाटलंच नव्हतं, कारण स्वतःला ती या शाळेची माजी विद्यार्थिनी समजत नाही. ती आज आलेली नाही. आपली एकमुखी प्रशंसा ही दहावीपर्यंत टिकलेल्यांची प्रशंसा आहे, एवढं भान ठेवून आपण मत लिहावं.

आता थोडं आशेचं. लहान मराठी शाळा टिकूच शकत नाही, असं नाही. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन सुरू केलं. दोन्ही शाळा लहान, दोन्ही मराठी माध्यमाच्या आणि दोन्हींचं नाव महाराष्ट्रभर झालं. लीलाताईंनी तर वर्गात काय चालतं ते पुस्तकांतून लिहून लोकांपुढे ठेवलं. फाटकाबाहेरच्या माणसाला आतलं दिसायची ती एक सोय झाली. आपल्या शाळेत चांगलं खूप झालं, पण ते बाहेर कोणाला दिसलं नाही. ते फक्त आपल्या आठवणींत राहिलं.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत.

एक, संघाच्या मतपत्रिकेत दोन रकाने ठेवा. विद्यार्थी म्हणून माझं मत आणि पालक म्हणून माझं मत. मुलं इथे का घातली नाहीत, याचं खरं कारण दुसऱ्या रकान्यात लिहा. संस्थेला स्तुतीपेक्षा त्या कारणांचा जास्त उपयोग होईल.

दोन, यादी दहावीच्या नव्हे, आठवीच्या हजेरीपटावरून करा आणि जे मधेच गेले त्यांना फोन करा. आजच्या मुलांनाही विचारा. कागदावर नाव नको आणि त्या वेळी वर्गात शिक्षक नकोत.

तीन, महिन्यातला एक दिवस पालकांसाठी वर्ग उघडा ठेवा. येऊन मागच्या बाकावर बसू द्या. आणि दहावीच्या निकालाच्या फलकावर नववीत किती मुलं होती तो आकडाही लिहा.

चार, इंग्रजीची जबाबदारी आपण घेऊ. आपल्यातले कितीतरी जण दिवसभर इंग्रजीत काम करतात. दर शनिवारी एक तास, दोघं-तिघं मिळून, ऑनलाइन का होईना, पाचवीपासूनच्या मुलांशी इंग्रजीत बोलायचं. व्याकरण बाई शिकवतील, मुलांचं तोंड उघडायचं काम आपलं. पहिल्या वर्षासाठी मी माझं नाव देते.

माझं स्वतःचं मत विचाराल, तर शाळा मराठी राहावी, गणित-विज्ञान सेमी-इंग्रजीत असावं आणि इंग्रजी बोलायला नीट शिकवावं. पण दोन वर्षं हे सगळं मनापासून करूनही पालकांनी नकोच म्हटलं आणि संस्थेने शाळा इंग्रजी केली, तर आपण बाहेरून गळा काढायचा नाही. ज्यांची लेकरं रोज सकाळी इथे येणार आहेत, त्यांचा शब्द आपल्या आठवणींपेक्षा वजनदार आहे. आपल्या आठवणी त्यांच्यापर्यंत पोचवणं एवढं मात्र आपल्या हातात आहे आणि त्याला उशीर करून चालणार नाही, कारण नवीन प्रवेश जूनमध्ये सुरू होतील.

मतपत्रिका दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जेवणाला जाण्यापूर्वी दोन्ही रकाने भरा, ही विनंती.

बाई, सर, तुम्ही आम्हाला वर्गात उलट प्रश्न विचारू दिलेत, म्हणून आज हे बोलू शकले.