पीएल, फाईल आणि उन्हाळ कांदा

सेमिस्टर संपत आलंय. तुमच्यातले निम्मे जण हा भाग जर्नल पूर्ण करता करता ऐकत असणार, हे मला माहितीये. ऐका. हात चालू राहू द्या.

मी सध्या देवळ्यात आहे. पंधरा दिवस घरून काम करतोय. कांदा काढणीला घरातलं माणूस पाहिजे असतं, म्हणून दरवर्षी एप्रिलमध्ये येतोच. सकाळी शेतात, अकरापासून लॅपटॉप. रस्त्याने खानदेशातून सप्तशृंगी गडावर पायी निघालेली माणसं जातात, चैत्रातली यात्रा. डोक्यावर टॉवेल, पाठीला पिशवी. आपल्याकडे चैत्र म्हणजे गड, कांदा आणि परीक्षा, तिन्ही एकदम. कॅलेंडर कुणी बनवलं देव जाणे.

आजचा विषय त्याचाच. सेमिस्टरच्या शेवटी पीएल मिळते, प्रिपरेशन लीव्ह, अभ्यासाची सुट्टी. आता हिशोब बघा. उन्हाळ कांद्याची लागण डिसेंबर-जानेवारीत होते. लागणीपासून साधारण ११० ते १२० दिवसांनी तो काढायला येतो. आणि यूजीसीच्या हिशोबाने एका सेमिस्टरला ९० दिवस प्रत्यक्ष शिकवणं व्हायला पाहिजे. म्हणजे दुसरं सत्र सुरू होतं तेव्हा रोपं जमिनीत जातात, आणि पीएल लागते तेव्हा निम्म्या माना पडलेल्या असतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कांद्याची पात मानेतून आडवी पडते, त्याला मान पडणं म्हणतात. साधारण निम्म्या माना पडल्या की काढणी. तो काही युनिव्हर्सिटीच्या टाइमटेबलची वाट बघत नाही.

त्यामुळे देवळा, कळवण, सटाणा, चांदवड, मालेगाव या पट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या घरात पीएल नावाची गोष्ट कागदावरच असते. कॉलेजला सुट्टी म्हणजे घरात दोन हात वाढले. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर उक्तं काम मागतात, त्यांचंही बरोबरच आहे. मग पोरगं बीएला असो की बीएस्सीला, पहाटे साडेपाचला वावरात. मला याचा राग येत नाही. पण "पीएलमध्ये रोज दहा तास अभ्यास करा" असे जे व्हिडिओ फिरतात ना, ते बघून हसू येतं. दहा तास कोणाकडे आहेत रे?

मला आज बोलायचंय ते पेपरांबद्दल नाही. पेपरांचं माझं मत साधं आहे. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढा, त्यातले फिरून फिरून येणारे प्रश्न आधी करा, पास व्हा. यात कमीपणा काही नाही. मी बीटेक असंच केलंय, माझ्या टीममधल्या बहुतेकांनीही. बोलायचंय ते फाईलबद्दल.

माझी चुलत बहीण इथेच बीएस्सीला आहे, दुसरं वर्ष, चौथं सेमिस्टर. नवीन शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यातली बॅच. या आराखड्यात फिल्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट, ऑन जॉब ट्रेनिंग असे नवे रकाने आलेत. राज्य सरकारचा निर्णय २० एप्रिल २०२३ चा आहे. तिच्या वाट्याला दोन क्रेडिटचा प्रोजेक्ट. प्रत्यक्ष कामाच्या एका क्रेडिटला ३० तास धरतात, म्हणजे ६० तास. त्यातून एक फाईल तयार व्हायची आणि तिच्यावर तोंडी परीक्षा.

परवा दुपारी जेवताना ती म्हणाली, "दादा, तीनशे रुपये फोनपे कर ना. फाईल घ्यायचीये."

म्हटलं, "घ्यायचीये म्हणजे? कोरी?"

"नाही, भरलेली. विषय कुठलाही मिळतो. फक्त नाव बदलायचं."

यात मला नवीन काही वाटलं नाही. आमच्या वेळेला मिनी प्रोजेक्ट असाच विकत मिळायचा, पेन ड्राइव्हमध्ये, रिपोर्टसकट. आता तर त्याचीही गरज नाही. चॅटजीपीटीला सांगा, कांदा साठवणुकीवर फिल्ड प्रोजेक्ट लिहून दे. मिनिटात देतो. प्रस्तावना, उद्दिष्टं, पन्नास शेतकऱ्यांचा सर्व्हे, पाय चार्ट. त्या पन्नासातला एकही शेतकरी जन्माला आलेला नसतो. मी रोज या टूल्सबरोबर काम करतो, मला त्यांचं वावडं नाही. कोड लिहायला वापरतो, पत्र लिहायला वापरतो. पण जे मोजलंच नाही त्याचे आकडे ते देतं, आणि इतके गुळगुळीत देतं की खऱ्या आकड्यांपेक्षा खरे वाटतात. खरा डेटा तसा नसतो. त्यात एक दिवस राहून गेलेला असतो, एका ठिकाणी खाडाखोड असते, एक आकडा बाकीच्यांशी भांडत असतो. आमच्याकडे एखादा रिपोर्ट फार स्वच्छ दिसला की पहिली शंका तिथेच येते.

तर मी तिला म्हटलं, तीनशे देतो. पण आधी सांग, सकाळी सहापासून तू काय करू राहिली होतीस?

"कांदे."

"किती तास?"

"पाच."

"असे किती दिवस?"

ती हसायला लागली, कारण हिशोब तिनेच केला. बारा दिवसांत साठ तास. क्रेडिट वावरात पडलेत आणि ही तीनशे रुपये देऊन ते झेरॉक्सच्या दुकानातून आणणार.

आता इथे एक अडचण आहे, ती लपवत नाही. नुसतं शेतात काम केलं म्हणजे प्रोजेक्ट होत नाही. तसं असतं तर आपल्या आज्ज्यांना डॉक्टरेट द्यावी लागली असती. प्रोजेक्टला प्रश्न लागतो, आणि प्रश्न असा पाहिजे की ज्याचं उत्तर घरात कुणालाही आधीच माहीत नाही.

तिचा पहिला प्रश्न होता, "चाळीत कांदा किती सडतो?" छान प्रश्न. पण उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो. एप्रिलमध्ये भरलेली चाळ ऑगस्ट-सप्टेंबरात फोडतात. म्हणजे तिच्या प्रश्नाचं उत्तर यायच्या आधी सेमिस्टर संपणार, निकाल लागणार, पाचवं सेमिस्टर निम्मं होणार. सेमिस्टर पॅटर्नची ही गोची मला कॉलेजात असताना कधी दिसली नव्हती. चार महिन्यांत ज्याचं उत्तर येतं तेवढेच प्रश्न आपण विचारायला शिकतो. बाकीचे सिलॅबसच्या बाहेर.

मग आम्ही प्रश्न बारीक केला. काढणीच्या दिवशी कांद्याचं जे वजन असतं, ते पात सुकून, मान कापून, सावलीत दहा दिवस ठेवल्यावर किती उरतं? आणि एकाच वावरात गोल्टी कुठे जास्त निघते, जोड कांदा कुठे, डेंगळे कुठे? काका म्हणाले, "मोजून काय भाव वाढणारे का?"

प्रश्न बरोबर आहे. नाही वाढणार. भाव कुठून ठरतो ते आपण सगळ्यांनी बघितलंय. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्यावर निर्यातबंदी आली तेव्हा ही बारावीला होती. ती उठली ४ मे २०२४ ला, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्कासकट. मग सप्टेंबरात ते मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही निघालं. एवढ्या तारखा तिला पाठ आहेत. इतिहासाच्या एकाही पेपरला तिला इतक्या पाठ नव्हत्या. यातलं काहीच उमराण्याच्या किंवा लासलगावच्या लिलावात उभं राहून आपल्या हातात येत नाही. पण कुठल्या वाफ्यात गोल्टी का निघाली, हे आपल्याच हातात असतं, आणि गोल्टीला नेहमीच कमी भाव मिळतो.

तर पद्धत सांगतो, कुणाला उपयोग झाला तर. वावरात दहा जागा निवडायच्या. निवडायच्या म्हणजे आपल्याला आवडतील त्या नाही. शेतकऱ्याचा हात आपोआप चांगल्या कांद्याकडे जातो, तिचाही गेला. म्हणून वाफ्यांना नंबर दिले, चिठ्ठ्या टाकल्या. वाफ्यात एक मीटर बाय एक मीटर दोरी धरायची आणि आतले सगळे कांदे उपटायचे. मोजायचे. मोठा, मध्यम, गोल्टी, जोड, डेंगळा, असे वेगळे. वजन करायचं, जाळीच्या पिशवीत भरायचं, पिशवीवर नंबर. बस. लटकवायचा काटा घरात होताच. एक वही आणि फोनवर रोज एक फोटो, म्हणजे तारीख आपोआप लागते.

पहिल्या दिवशी तीन पिशव्यांवर नंबर लिहायचा राहिला. मग चौथीपासून नीट. त्या तीन पिशव्या तिने हिशोबातून काढून टाकल्या आणि तसं फाईलमध्ये लिहिलं. मला ते पान सगळ्यात आवडलं.

निघालं काय? एका बाजूच्या वाफ्यांत गोल्टी उघड दिसेल इतकी जास्त. मोजल्यावर कळलं की तिथे एका मीटरच्या चौकोनात कांद्यांची संख्याच जास्त होती. दाट लागण. दाट लावला की कांदा पोसत नाही, हे पुस्तकात आहे आणि गावातही सगळ्यांना माहीत आहे. पण आपल्याच वावरात, नेमकं याच कोपऱ्यात का? काकांनी वही बघितली, जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "ती लागण शेवटच्या दिवशीची. रोप उरलं होतं, म्हटलं वाया कशाला घालवायचं, दाबून दिलं." म्हणजे जानेवारीतल्या एका संध्याकाळची काटकसर एप्रिलच्या वहीत दिसली. त्यानंतर काकांनी स्वतःहून विचारलं, पलीकडच्या वावरात चौकोन टाकायचा का म्हणून. भाव वाढणार का, हे परत नाही विचारलं.

आणि वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला पेशी विभाजन बघायला हीच पोरं कांद्याचं मूळ घेतात. काचेवर दाबून, रंग टाकून, मायक्रोस्कोपखाली. जगभर कांदाच वापरतात त्यासाठी. देवळ्यातल्या पोरांना तो कॉलेजला नेताना पिशवीतून लपवून न्यावासा वाटतो, कारण "कांदेवाला" म्हणून चिडवतात. मला ही गोष्ट फार खटकते. ज्या विषयात आपल्या पंचक्रोशीतलं शेंबडं पोरगं पुण्यातल्या हुशार पोराला शिकवू शकतं, तो विषय आपण फाईलमध्ये घ्यायला लाजतो आणि "सोशल मीडियाचा युवकांवरील परिणाम" विकत आणतो.

तिच्या मॅडमना विचारायला ती घाबरत होती. विषय आयत्या वेळी बदलायचा होता ना. मॅडम म्हणाल्या, "कर की. फक्त जे मोजता आलं नाही तेही लिही." मला वाटतं अशा बऱ्याच मॅडम आणि सर आहेत. त्यांना कुणी विचारत नाही, आणि मग त्यांच्या टेबलावर एकाच दुकानातल्या चाळीस फायली येऊन पडतात. तेही माणसंच आहेत, सही करून मोकळे होतात.

आता तुम्ही म्हणाल, सगळ्यांच्या घरी शेती नसते. खरंय. तुमचे वडील रिक्षा चालवत असतील, तर दिवसात किती किलोमीटर रिकामी रिक्षा फिरते ते पंधरा दिवस लिहून बघा. घरी किराणा दुकान असेल तर उधारीची वही समोरच आहे. आई शिवणकाम करत असेल, तर एका ब्लाऊजला खरा किती वेळ जातो आणि ती पैसे किती लावते. हे शेवटचं मोजाल तर घरात भांडण होईल, ते तुमच्या जबाबदारीवर.

तीनशे रुपये मी तिला दिलेच. तिने त्याचे जाळीच्या पिशव्या आणि एक खोलीत लावायचा तापमान-आर्द्रतेचा छोटा मीटर घेतला, थोडे पैसे स्वतःचे घातले. काल चाळ भरली. सहा पिशव्या तिने आत ठेवल्यात, पण ढिगाच्या मधे ठेवल्या तर चाळ फुटेपर्यंत निघणार नाहीत, म्हणून दाराजवळ आणि कडेच्या जाळीलगत. त्यामुळे ढिगाच्या पोटात काय चाललंय ते या पिशव्या सांगणार नाहीत. तेही फाईलमध्ये लिहिलंय. दर पंधरा दिवसांनी वजन. क्रेडिट यातलं एकही वाढणार नाही, कारण फाईल सोमवारी जमा होतेय आणि तोंडी परीक्षा मंगळवारी आहे. केमिस्ट्रीचा पेपर त्याच्या पुढच्या आठवड्यात, आणि त्याचा अभ्यास अजून शून्य आहे, हे तिनेच मला इथे सांगायला सांगितलंय.

मी रविवारी परत निघतो. पिशव्यांची वजनं ती मला पाठवत राहणार आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी चाळ असेल आणि दहा-वीस किलोची एक पिशवी बाजूला ठेवून मोजायला जमत असेल, तर आपल्या नंबरवर व्हॉइस नोट टाका. गाव, वाण, भरल्याची तारीख आणि वजन एवढंच सांगा. सप्टेंबरात चाळी फुटल्या की सगळ्यांचे आकडे घेऊन एक भाग करू. चला, जर्नल पूर्ण करा.