मांजर आणण्यापूर्वी

बेलापूरला प्रवरेकाठच्या आमच्या घरी ज्वारीच्या कणगीला उंदीर लागले, म्हणून आम्ही मांजराचे पिल्लू आणले. तुम्ही मात्र आणण्याआधी तीन प्रश्न स्वतःला विचारा, बरं का!

पहिला, घरात कुणाला दमा आहे का? आमच्या आईला होता. महिन्याभरात पिल्लू दुसऱ्यांना द्यावे लागले. धाकटी दोन दिवस धड जेवली नाही. दुसरा, मांजर १२ ते १५ वर्षे जगते. त्याला नुसता दूधभात पुरत नाही, मांस-मासळी लागते. तुमच्या स्वयंपाकघराला ते चालेल? तिसरा, रेबीजची लस आणि नसबंदी यांचा खर्च झेपेल?

पहिल्याचे उत्तर 'हो' किंवा बाकीच्या दोन्हींपैकी एकाचेही 'नाही' आले, तर उंदरांसाठी पिंजरा आणावा. पिंजरा माळ्यावर टाकता येतो. लळा लागलेले मांजर नाही.