पायली, काटा आणि विमानाचं इंधन



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी प्रश्न विचारला. त्यांची लेक आयटीआय करून नाशिकला एका वर्कशॉपमध्ये लागली आहे. तिथं विमानाला लागणारे छोटे छोटे भाग बनतात. ते मायक्रोमीटरनं मापायचे आणि पास की नापास ते लिहायचं, हे तिचं काम. ताई म्हणाल्या, "पोरगी सांगते, तुकडा दिसायला अगदी चकचकीत असतो, केसाएवढाही फरक नसतो, तरी भंगारात टाकावा लागतो. एवढी नासाडी कशापायी गं?"

कोणाला उत्तर देता आलं नाही. मलाही नाही. ओझरला १९६४ पासून लढाऊ विमानांचा कारखाना आहे. मिग झाली, सुखोई झाली, आपल्या कानाला तो आवाज सवयीचा झाला. पण एवढं लोखंड-ॲल्युमिनियम वर कशाच्या भरवशावर जातं, हे आपण कधी विचारलं नव्हतं. म्हणून मी थोडं वाचलं, थोडं जाणकारांना विचारलं. तेच आज सांगते.

सुरुवात पायलीपासून करू. एक पायली बाजरी आणि एक पायली मुरमुरे. पायली तीच, पण उचलून बघा. कारण पायली जागा मोजते आणि काटा वजन मोजतो. आता आपला तोळा घ्या. आजीच्या काळचा तोळा साडेअकरा ग्रॅमच्या थोडा वर होता, आज सराफ तोळा म्हणतो तेव्हा दहा ग्रॅम धरतो. नाव एक, माप दोन. दोघी जणी तोळा-तोळा म्हणत बसल्या आणि कोणता तोळा हे ठरवलंच नाही, तर भांडण नक्की. विमानाच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं.

गोष्ट कॅनडातली आहे. तारीख २३ जुलै १९८३. एअर कॅनडा कंपनीचं बोईंग ७६७ विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं होतं. विमान नवंकोरं. आपल्याकडं १९५६ च्या कायद्यानंतर शेर-मण जाऊन किलो आले, तसं कॅनडात त्या वर्षांत पौंड जाऊन किलो येत होते. कंपनीची जुनी विमानं पौंडांत हिशोब करायची, हे नवं विमान किलोत.

त्या दिवशी विमानातला इंधन दाखवणारा काटा बिघडलेला होता. म्हणून मापपट्टीनं टाकी मोजली. ७,६८२ लिटर निघालं. प्रवासाला हवं होतं २२,३०० किलो. आता लिटरचे किलो करायचे, म्हणजे आपलं पायलीचंच गणित. विमानाचं इंधन पाण्यापेक्षा हलकं असतं, एक लिटर म्हणजे साधारण ८०० ग्रॅम. म्हणून ०.८ नं गुणायला हवं होतं. पण त्यांच्या हातातल्या कागदावर आकडा होता १.७७. तो पौंडांचा होता, एका लिटरमध्ये १.७७ पौंड. आकड्यापुढं पौंड की किलो, याकडं कोणाचं लक्ष गेलं नाही.

गुणाकार केला, उत्तर आलं १३,५९७. त्यांनी ते किलो समजले. २२,३०० मधून वजा केले, उरलेल्याचे पुन्हा १.७७ नं लिटर केले आणि टँकरवाल्याला सांगितलं, ४,९१७ लिटर भर. खरं तर भरायला हवं होतं वीस हजार लिटर. गणितात कुठंही चूक नाही बरं का. गुणाकार बरोबर, वजाबाकी बरोबर. शाळेतल्या बाईंनी पैकीच्या पैकी दिले असते. फक्त पौंडाला किलो म्हटलं, आणि विमान अर्ध्याहून कमी इंधनावर उडालं. ओटावाला पुन्हा मोजलं, पुन्हा त्याच १.७७ नं गुणलं.

उंच आकाशात आधी एक इंजिन बंद पडलं, मग दुसरं. विमानात ६९ माणसं. कॅप्टन रॉबर्ट पिअरसन यांना इंजिनाशिवाय उडणारं ग्लायडर चालवायची सवय होती, हे नशीब. सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांना गिमली नावाच्या गावातला हवाई दलाचा जुना तळ आठवला, कारण त्यांनी पूर्वी तिथं नोकरी केली होती. (त्यांचं आडनाव आपल्या वजनाच्या क्विंटलसारखंच लिहितात. मी दोनदा तपासलं.) तिथली धावपट्टी आता मोटारींच्या शर्यतीला वापरत होते आणि त्या दिवशी तिथं लोक मुलाबाळांसह जमलेले. विमान आवाज न करता खाली आलं. पुढचं चाक मोडलं, नाक घासत गेलं आणि थांबलं. खाली उतरताना काहींना किरकोळ लागलं, जीव कोणाचा गेला नाही.

चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. जुन्या विमानांत वैमानिकांच्या जोडीला तिसरा माणूस असायचा, तो इंधनाचा हिशोब बघायचा. नव्या विमानात ती जागाच नव्हती. मग हिशोब कोणाचा? वैमानिकांना वाटलं जमिनीवरच्या लोकांचा, त्यांना वाटलं वैमानिकांचा. चार जणांनी बघितलं, पण कोणाचंच काम नव्हतं. आपल्या गटाची रोकडवही अशीच राहते की नाही, तुम्हीच सांगा.

विमान एका देशात बनतं, त्याचे भाग दहा देशांतून येतात, आणि दुरुस्त तिसरीकडंच होतं. ही माणसं एकमेकांना कधी भेटत नाहीत. म्हणून माप, भाषा, खुणा, कागद आधी ठरवून ठेवावे लागतात. १९४४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत शिकागोला ५२ देशांनी करारावर सह्या केल्या, त्यात भारतही होता. त्यातून उभी राहिलेली संस्था विमान वाहतुकीचे नियम ठरवते. तिचं मुख्य कार्यालय माँट्रियललाच आहे, जिथून ते विमान निघालं होतं. नियम त्याच गावात असले तरी टाकीजवळच्या माणसाने ते पाळले तरच उपयोग.

आता ताईंच्या लेकीच्या तुकड्याकडं येते.

१० जून १९९०, इंग्लंड. ब्रिटिश एअरवेजचं विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालं. सतरा हजार फुटांवर कॅप्टनच्या समोरची काच उडाली आणि ते कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. विमानातल्या कर्मचाऱ्यांनी त्यांना वीस मिनिटांहून जास्त वेळ धरून ठेवलं. सहवैमानिकानं विमान साउथॅम्प्टनला उतरवलं. कॅप्टन जगले, पुढं कामावरही आले.

काच एकच दिवस आधी, रात्रपाळीत बदलली होती. तिला ९० बोल्ट. त्यातले ८४ बोल्ट जाडीला कमी होते. किती कमी? एक मिलिमीटरही नाही, ०.६६ मिलिमीटर. द्राक्षाच्या पॅकहाऊसला जाणाऱ्या बायांनो, तुम्ही मण्याची जाडी मापता, तुम्हाला हा फरक कळेल. नुसत्या डोळ्यांना नाही कळत. त्या रात्री काम करणाऱ्या माणसानं जुना बोल्ट हातात धरला आणि मंद उजेडात त्याच्यासारखे दिसणारे बोल्ट वेचून आणले. खरं तर विमानाच्या प्रत्येक बोल्टला ठरलेला नंबर असतो. त्या नंबरात त्याची जाडी, लांबी, आटे, धातू सगळं आलं. नंबर बघितला की बोल्ट कुठं बनला याची काळजी करायला नको. पण पुस्तक उघडून नंबर बघितला नाही. शिवाय काढलेले जुने बोल्टसुद्धा चुकीच्याच मापाचे होते, ते कसेबसे टिकले होते एवढंच.

आणि स्टोअर सांभाळणाऱ्यानं सांगितलं होतं हो. त्या काचेला कोणत्या नंबरचे बोल्ट लागतात हे त्यानं बोलून दाखवलं होतं. पण समोरचा हुद्द्यानं मोठा, अनुभवी. त्याचं चाललं नाही.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले. कारण गेल्या दिवाळीला आमच्या गटाला शेंगदाणा चटणीच्या पाकिटांची मोठी ऑर्डर होती, २५० ग्रॅमची. घाई होती, काटा एकच. मी सहयोगिनी, मीच सांगितलं की एक वाटी तोलून घ्या, मग वाटीनंच भरा. आमच्यातल्या एका काकू म्हणाल्या, "दुसरा घाणा जाडसर झालाय, वाटीत कमी बसंल. तोलून भरा." मी म्हटलं, काकू, राहू द्या, एवढ्यानं काय होतंय. दुकानदारानं चार पाकिटं काट्यावर ठेवली आणि अख्खा माल परत पाठवला. बायांची आठ दिवसांची मजुरी गेली. काकू मला काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

मागच्या बैठकीत मी त्यांची माफी मागितली आणि ताईंना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. त्यांच्या लेकीनं टाकलेला तुकडा दिसायला चांगला असेल, पण तो बसवणारा माणूस तिला ओळखत नाही. त्याच्याजवळ फक्त तिची सही असलेला कागद असतो. ताई म्हणाल्या, "मग पोरीचा पगार वाढवायला पाहिजे." सगळ्या हसल्या, पण त्यांचं खरं आहे.

आता आमच्याकडं दोन काटे आहेत. दोन्ही वैधमापन विभागाकडून तपासून, शिक्का मारून आणलेत. पाकिटं तोलायचं काम काकूंकडं आहे आणि त्यांची सही झाल्याशिवाय खोकं बंद होत नाही, मी सांगितलं तरी. मागच्या आठवड्यात त्यांनी माझीच सात पाकिटं परत पाठवली.