एका मिरवणुकीचे चित्र
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आताच आपल्या गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला. त्यांच्या आईवडिलांचे आनंदित चेहरे पाहून मला एका विलायती चित्राची आठवण झाली. त्याची प्रत मागील मेजावर ठेविली आहे.

विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७४७ साली तांब्याच्या पत्र्यांवर कोरून बारा चित्रांची एक माला प्रसिद्ध केली. लंडनच्या स्पिटलफील्ड्स या विणकरांच्या वस्तीत एकाच धन्याकडे दोन उमेदवार मागावर बसतात. एकाचे नाव गुडचाइल्ड, म्हणजे गुणी बाळ. दुसऱ्याचे आयडल, म्हणजे आळशी. (नावे ठेवताना चित्रकाराने आडपडदा म्हणून ठेविला नाही!) पहिला धन्याचा जावई व भागीदार होऊन अखेर लंडनचा लॉर्ड मेयर होतो, दुसरा फासावर जातो. धन्यांनी आपल्या उमेदवारांस दाखवावी अशी ही माला, म्हणून किंमतही बेताची.

शेवटच्या चित्रात नव्या मेयरची मिरवणूक आहे. सज्जात छत्राखाली युवराज व युवराज्ञी बसली आहेत, खिडक्याखिडक्यांतून माणसे डोकावत आहेत, आणि खाली रस्त्यावर झिंगलेले नगरसैनिक बंदुका सावरीत आहेत. कोण उंचावर, कोण चिखलात, हे एका दृष्टिक्षेपात कळते. पण ज्याच्यासाठी हा थाट, तो गुडचाइल्ड कोठे आहे? त्याला शोधावे लागते. रथाच्या खिडकीतून तलवारधाऱ्याची प्रचंड केसाळ टोपी आणि उभी तलवार आधी दिसते. खुद्द स्वारी आत जवळजवळ झाकलेली! लोक मान देतात तो रथाला, तलवारीला; आतला माणूस कोण याची त्यांना फारशी फिकीर नाही.

आता उजवीकडचा खालचा कोपरा पाहावा. तेथे एक पोऱ्या कागद विकीत उभा आहे. त्या कागदावर फाशी गेलेल्या आयडलच्या भुताची साद्यंत हकीकत छापलेली आहे. याच्या आधीच्या चित्रात टायबर्नच्या वधस्थानाकडे निघालेली गाडी आहे. गाडीत आयडल आणि त्याचीच शवपेटी. तेथेही अशीच जत्रा, फेरीवाले, उंच मांडलेली आसने. कडेवर मूल घेतलेली एक बाई त्याचे अखेरचे शब्द छापून विकत आहे, आणि तो बिचारा तर अजून जिवंत आहे! चौकटीत मात्र फरक केला आहे: फाशीच्या चित्राला दोहों बाजूंस सांगाडे, मिरवणुकीला फळाफुलांनी भरलेली शिंगे. चौकटी झाकून पाहिले, तर दोन्ही गर्द्या एकाच जातीच्या वाटतात.

या मालेतून उद्योगाचा बोध घ्यावा, असे बहुतेक जण सांगतात. तो आहेच. परंतु माझी नजर त्या पोऱ्यावरून हलत नाही. आपल्या ज्ञातीतही परीक्षेत अपयश येऊन घर सोडून गेलेली मुले आहेत. त्यांची नावे आज येथे कोणी घेतली नाहीत. ओटीवर बसून आपण त्यांच्या हकीकती चघळतो, तेव्हा आपणही त्या पोऱ्याचेच गिऱ्हाईक असतो.

होगार्थचे वडील शाळामास्तर. कर्जापायी ते तुरुंगात होते. होगार्थ स्वतः चांदीवर कोरीवकाम करणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवार राहिला, आणि मुदत पुरी होण्यापूर्वीच तेथून निघून गेला.