बोर्डो राहिलं, नाशिक झालं: दोन दिवसांचा प्लॅन

कोलशेतहून बोलतोय, घरातूनच. मधे कुकरची शिट्टी आली तर सांभाळून घ्या.

मागच्या वर्षी ऑफिसमधल्या मित्राने ग्रुपवर बोर्डो टाकलं. फ्रान्समधलं वाइनचं जुनं शहर, पॅरिसहून फास्ट ट्रेनने दोन तासांवर, नदीकाठचा जुना भाग २००७पासून युनेस्कोच्या यादीत. मी लगेच एक्सेल उघडलं. शेंगेन व्हिसा, विमान, हॉटेल, युरोचा भाव... आणि बंद केलं. मग लक्षात आलं की आपण वाइनचं शहर सात हजार किलोमीटरवर शोधतोय आणि बाबांचं गाव आहे निफाड तालुक्यात. आजोबांची स्वतःची द्राक्षबाग होती. माझ्यासारखा शहाणा मीच!

तर नाशिक. नदी आहे, जुनं शहर आहे, बाहेर द्राक्षबागा आहेत. बोर्डोचं वाइनचं नाव शतकांचं. आपल्याकडे राजीव सामंतांनी गंगापूर धरणाजवळ सुला सुरू केलं ते १९९९ साली, आणि राज्य सरकारचं वाइन धोरण आलं २००१ला. पण शहर म्हणाल तर पांडवलेणी दोन हजार वर्षांची आहेत, तिथे आपण कुणाला हार जात नाही.

पहिली ट्रिप मित्रांबरोबर केली आणि ती साफ फसली. का? तर जानेवारी ते मार्च हा द्राक्षं काढायचा सीझन, म्हणून आम्ही हुशारीने २६ जानेवारीचा लाँग वीकेंड धरला. २६ जानेवारी म्हणजे ड्राय डे! पाच इंजिनियर, एकानेही कॅलेंडर बघितलं नव्हतं. टेस्टिंग रूममध्ये बसून द्राक्षाचा ज्यूस प्यायलो आणि परत आलो. ३० जानेवारीलाही तेच, लक्षात ठेवा.

आता जायचं कसं? कार घेऊन जाऊ नका. एक तर कापूरबावडी, माजिवडा, साकेत पूल हे पार करेपर्यंतच अर्धा उत्साह संपतो. समृद्धीचा आमणे ते इगतपुरी टप्पा जून २०२५मध्ये सुरू झाला, कसाऱ्याचा घाट टळतो, मान्य. (बाइकवाल्यांनो, समृद्धीवर दुचाकी चालत नाही.) पण टेस्टिंग करून गाडी कोण चालवणार? ‘दोनच घोट घेतले’ वगैरे मला सांगू नका. सरळ ट्रेन. ठाण्याहून सकाळी सातच्या आत शिर्डीची वंदे भारत, नऊच्या सुमारास नाशिकरोड. किंवा शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर पंचवटी. ती नाशिककरांची नोकरीची गाडी, सकाळी मुंबईला आणि संध्याकाळी घरी, त्यामुळे परत येताना आपल्या कामाची नाही. वेळा ॲपवर बघून घ्या. आणि नाशिकरोड स्टेशन म्हणजे नाशिक शहर नव्हे, पुढे रिक्षाने बरंच जायचं असतं.

दुसऱ्या वेळी फेब्रुवारीत आई-बाबांना घेऊन गेलो. बाबा माळकरी. त्यांना सांगायलाच मला आठवडा लागला. म्हणाले, “दारूच्या कारखान्यात नेतोस मला?” मी म्हटलं, “बाबा, बाग बघायला चला. आत नका येऊ.”

पहिला दिवस त्यांचा. रामकुंड, मग काळाराम मंदिर. २ मार्च १९३०ला याच मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रह सुरू केला. दारापाशी दोन मिनिटं नुसतं उभं राहा. घाटावर दुतोंड्या मारुती आहे, गोदावरीचा पूर नाशिककर त्याच्यावर मोजतात, पाणी गुडघ्यापर्यंत आलं की छातीपर्यंत. सकाळी मिसळ, पापडासकट. यावर जास्त बोलत नाही, कमेंटमध्ये भांडणं होतात.

दुसऱ्या दिवशी वाइनरी. टूर आधी बुक करा, वयाचा पुरावा जवळ ठेवा. मी आत स्टीलच्या टाक्या बघत होतो, शेनिन ब्लां, शिराज वगैरे ऐकत होतो. बाहेर आलो तर बाबा ओळीत उभे, तिथल्या माणसाशी गप्पा. “खरड छाटणी एप्रिललाच घेता का? आणि गोडी?” त्याने त्यांना एक मणी दिला. बाबांनी चावला. “साल जाड आहे, बी पण आहे. आमचं थॉमसन असं नव्हतं.” खायच्या द्राक्षाचा मणी मोठा आणि पातळ सालीचा लागतो, वाइनला बारीक मणी चालतो, कारण लाल वाइनचा रंग सालीतूनच येतो आणि तुरटपणा साल आणि बी दोन्हींतून. हे मला टूरवर कळलं, बाबांना एका मण्यात.

मग तिथेच बांधावर बसून त्यांनी सांगितलं. काढणीला आठ दिवस राहिले होते आणि गारपीट झाली. वीस मिनिटं. सकाळी आजोबा बागेत गेले आणि दुपारपर्यंत परतलेच नाहीत. पुढच्या वर्षी बाग विकली, बाबा ठाण्याला नोकरीला आले. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे, ‘बाग विकली’ एवढंच आजवर ऐकलं होतं. का, ते कधी विचारलंच नव्हतं.

परतीच्या ट्रेनमध्ये इगतपुरी गेल्यावर बाबा म्हणाले, “ती बाग आता कुणाकडे आहे, बघायला पाहिजे.” एप्रिलची तीन तिकिटं काढली आहेत. छाटणीच्या दिवसांत जायचंय, वाइनरीत नाही, निफाडला.

चला, कुकर झाला. भेटू पुढच्या एपिसोडला.