घाशीराम एकटा नव्हता



‘अमुक पात्राचे स्वभावचित्रण करा’ हा प्रश्न तुम्ही सगळ्यांनी सोडवला आहे. उत्तर कसे लिहायचे ते गाइड सांगते: करारी, मनमिळाऊ, स्वाभिमानी, प्रत्येक विशेषणाखाली एकेक प्रसंग, की झाले. अशी उत्तरे मी गठ्ठ्यांनी तपासली आहेत. त्यांत चूक अशी काही नसते. फक्त त्या पात्राच्या आजूबाजूला दुसरे कोणी राहत होते, याचा पत्ता लागत नाही.

माणसांचे नमुने पाडायची खोड जुनी आहे. आपल्या नाट्यशास्त्राने नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशान्त आणि धीरोद्धत असे चार प्रकार केले. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली पात्रांची दोनच गटांत वाटणी केली: एका वाक्यात मावणारी आणि न मावणारी. वर्गीकरणाला नाके मुरडणाऱ्यांतला मी नाही. गाडीत शेजारी येऊन बसलेल्या माणसाचाही आपण आधी नमुनाच ठरवतो. त्याशिवाय बोलायला सुरुवात होत नाही. पुढची अडचण हेतूची आहे.

विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ घ्या. १९७२ साली पुण्यात जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगमंचावर आले. कनोजहून पुण्यात आलेल्या घाशीरामवर चोरीचा आळ येतो, मार बसतो, कोठडी मिळते, शहराबाहेर हाकलले जाते. तो सूडाची प्रतिज्ञा करतो. म्हणजे हेतू सापडला: अपमानाचा सूड. पण अपमान गिळून गावी परत जाणारे पुष्कळ असतात. सूडाला कोतवाली लागते, आणि कोतवाली नाना फडणवीस देतात. तीही फुकट नाही. त्यासाठी घाशीराम पोटची मुलगी, गौरी, पुढे करतो. नानांचा हिशेब मात्र याहून लांबचा आहे. शहरात ज्याला कोणी नाही तो आपल्याला बांधलेला राहील आणि आपली पापेही त्याच्या खात्यावर जमा होतील. मग रात्री घराबाहेर पडायला परवाना लागतो, सूडाचे दप्तर तयार होते. गौरी मरते, तरी कारभार थांबत नाही. तोवर सूड कुणावर आणि कशाचा, हे घाशीरामलाच धड सांगता आले असते की नाही, शंका आहे. शेवटी जमाव त्याचा जीव मागतो आणि नाना तो देऊन टाकतात. या नाटकात बदलतो घाशीराम. नाना पहिल्या प्रवेशापासून शेवटपर्यंत जसेच्या तसे राहतात, कारण त्यांना बदलायची गरजच पडत नाही. ज्याच्या हाती सत्ता तो स्थिर आणि ज्याच्या हाती नाही त्याची तेवढी ‘वाटचाल’, ही गोष्ट समीक्षेने पुरेशी मनावर घेतलेली नाही, असे मला वाटते.

याच तेंडुलकरांनी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये हेतूचा हा खेळ उलटा केला. वेळ घालवायला म्हणून मंडळी खोटा खटला मांडतात आणि लीला बेणारेला आरोपी करतात. गंमत बघा, सामंत नावाचा गावातला साधा माणूस साक्षीदार म्हणून उभा राहतो आणि साक्ष देताना हातातल्या कादंबरीतला मजकूर सांगतो. फसवल्या गेलेल्या बाईचा तो ठराविक साचा बेणारेच्या आयुष्याला येऊन भिडतो. साचा खोटा नसतो, हे नाटककाराला ठाऊक आहे. पण तो लागू पडला म्हणून खटला मांडणाऱ्या काशीकर, सुखात्मे, पोंक्षे यांना जो आनंद होतो तो कुठून येतो? प्रत्येकाच्या पदरी काही ना काही अपयश आहे आणि प्रत्येकाला आपल्याहून खालचे कोणीतरी हवे आहे. बेणारेचे ‘स्वभावचित्रण’ करायचे तर आधी तिच्यावर बोट रोखणाऱ्यांचे करावे लागते. आणि तिला फसवणारे प्रोफेसर दामले तर रंगमंचावर पाऊलही टाकत नाहीत!

पात्राच्या विकासाची कथाही अशीच. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागली. यमू स्वतः आपली हकिकत सांगते. नवरा तिला शिकवतो, मुंबईत ती मोकळी होते, तिला मते फुटतात. विकास म्हणावा असा हा विकास. नवरा जातो, यमू पुन्हा पुण्याच्या घरात येते आणि तिचे केशवपन केले जाते. तिने मिळवलेली समज तिच्यापाशीच असते. ती वापरायला जागा उरत नाही. बुद्धी यमूची, पण वाढीचा परवाना घराचा.

सगळेच असे असते असेही नाही. पु. ल. देशपांड्यांचा अंतू बर्वा कोणाच्या परवान्याने बदलत नाही आणि बिघडतही नाही. त्याच्या तिरकस बोलण्यावर आपण हसतो, आणि हळूहळू ध्यानात येते की तो होता तिथेच आहे, सरकलो आपण. पात्राचा विकास वाचकातही होऊ शकतो, याचा मराठीतला इतका सुबक पुरावा मला दुसरा माहीत नाही.

आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातले काही शिक्षक होतील, काही कचेऱ्यांत बसून हाताखालच्या माणसांचे गोपनीय अहवाल लिहितील, दोघे-चौघे कथा-कादंबऱ्या लिहितील. या शेवटच्यांकडे माझे एक काम आहे. यमूच्या केशवपनामागे तिच्या सासरचे शंकरमामंजी आहेत, आणि हरिभाऊंनी त्यांना जवळजवळ नुसते दुष्टच ठेवले. त्यांच्या काळाला ते पुरले असेल. पण या माणसाला घरात एवढा अधिकार कोणी दिला, त्याला कशाची धास्ती वाटत होती, त्याच्या या कृत्याने आणखी कोणाकोणाची सोय झाली? तेच घर शंकरमामंजींच्या नजरेतून कोणी लिहिलेले मला वाचायचे आहे. अगदी त्यांची बाजू घेऊन नाही, पण त्यांच्या खोलीत बसून.